पोंग्यातली माशी : मारायची की राखायची?



सुरू उसाच्या लागणी उरकल्या, उगवण झाली आणि ऊन तापू लागले की गट कार्यालयात पोंगेमरीच्या तक्रारी सुरू होतात. उगवणीपासून मोठ्या बांधणीपर्यंतचा काळ हा खोडकिड्याचा हंगाम. मेलेला पोंगा धरून ओढला तर अलगद हातात येतो आणि त्याला घाण वास येतो, हे आता कोणा सभासदास सांगावयास नको. मात्र अलीकडे एक गोष्ट आमच्या वारंवार नजरेस येत आहे. सभासद मेलेल्या पोंग्याबरोबर आगपेटीत किंवा पुडीत चार माश्या घेऊन येतात आणि म्हणतात, "साहेब, ह्याच माश्या पोंगं खात्यात. कंचं औषध मारू?"

खरे उत्तर असे आहे की आणलेल्या माश्यांपैकी काही उसाच्या वैरी नसून राखणदार असतात, काही नुसत्या घाणीवर आलेल्या असतात, आणि पोंगा खाणारी माशी त्यात एकही नसते. उसाचा खोडकिडा हा पतंगाची अळी आहे, माशीची नव्हे. ज्वारीची खोडमाशी वेगळी. तिची अळी ज्वारीचा पोंगा मारते, म्हणून नावावरून घोटाळा होतो. ती माशी घरमाशीपेक्षा लहान, राखी अंगाची, पिवळसर पोटाची आणि पोटावर काळपट ठिपक्यांच्या जोड्या असलेली असते. उसाच्या पोंगेमरीचा दोष तिच्या माथी मारू नये.

सबब या अंकात परोपजीवी माशी ओळखावी कशी, तिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर माश्यांपासून ती वेगळी कशी काढावी, हे सविस्तर देत आहोत. फवारणीचा पंप पाठीवर घेण्यापूर्वी हे वाचावे, अशी विनंती आहे. एक फवारणी म्हणजे औषधाचे पैसे, मजुरी आणि वर फुकट काम करणारा गडी मारल्याचे नुकसान.

परोपजीवी माशी म्हणजे काय?

आपल्या उसातील खोडकिड्यावर जगणारी मुख्य माशी म्हणजे स्टर्मिऑप्सिस इन्फेरेन्स. नाव जड आहे, पण काम सरळ आहे. ही टॅकिनिड कुळातील माशी. ती दिसायला व आकारालाही साधारण घरमाशीएवढी, करड्या-काळपट रंगाची. खोडकिड्याबरोबरच गुलाबी खोडअळी व उसाच्या इतर काही खोडकिड्यांवरही ती आपली पिल्ले वाढविते.

ही मादी अंडी घालीत नाही. अंडी तिच्या पोटातच उबतात आणि ती जिवंत बारीक अळ्या टाकते. खोडकिड्याने पाडलेल्या छिद्राच्या तोंडाशी, त्याच्या विष्ठेच्या भुश्शावर ती अळ्या ठेवून जाते. पुढचे काम त्या अळीचे. ती भोकातून आत सरपटत जाते, खोडकिड्याची अळी गाठते आणि तिच्या अंगात शिरून तिला आतून खाते. खोडकिडा पोखरतो ऊस आणि माशीची अळी पोखरते खोडकिड्याला. शेवटी खोडकिड्याचे नुसते कातडे उरते. माशीची पूर्ण वाढलेली अळी बाहेर येऊन त्याच बोगद्यात तांबूस-तपकिरी कोष करते आणि त्यातून नवी माशी बाहेर पडते.

औषध पोंग्याच्या आत पोचविणे किती अवघड आहे हे आपण जाणताच. जिथे आपले औषध पोचत नाही तिथे ही माशी पोचते. म्हणून तिची किंमत.

घोटाळा कोणत्या माश्यांशी होतो?

पोंगेमर झालेल्या प्लॉटात आणि बांधावर पुढील माश्या हमखास सापडतात.

१. घरमाशी : शेणखत, उकिरडा, मळी यांवर.
२. गोठ्यातील चावरी माशी : बैलाच्या पायांना चावून रक्त पिणारी. जनावरांना पाय आपटावयास लावते ती हीच.
३. मांसमाशी : कुजक्या व मेलेल्या वस्तूंवर येणारी, राखी रंगाची, अंगाने जरा मोठी. पोंग्याच्या घाण वासावर हीसुद्धा येते.
४. निळी-हिरवी माशी : चकाकणारी. मेलेल्या जनावरावर जमते.
५. टॅकिनिड माशी : आपली राखणदार.

निळी-हिरवी माशी चकाकीवरून लगेच बाजूला काढता येते. खरी अडचण उरलेल्या चार करड्या माश्यांची. लांबून त्या एकाच आईच्या लेकी वाटतात. त्यांना वेगळे करावयास घड्याळजी वापरतो तसले दहापट मोठे दाखविणारे भिंग पुरते. ते नसेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे साधे भिंग धरून फोटो काढावा व तो मोठा करून बघावा.

ओळखण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी, पंख मोजा. माशीला दोनच पंख असतात. चार असतील तर ती माशी नव्हे, गांधीलमाशीच्या कुळातील कीटक आहे. त्यांतही पुष्कळ मित्र आहेत. ट्रायकोकार्डमधून निघणारा ट्रायकोग्रामा त्यांपैकीच.

दुसरी पायरी, तोंड बघा. सुईसारखी टोकदार सोंड डोक्याच्या पुढे सरळ निघालेली दिसली तर ती गोठ्यातील चावरी माशी. घरमाशीचे तोंड खाली लोंबते व टोकाला स्पंजासारखे असते. टॅकिनिड माशीही चावत नाही. ती फुलांतील मध व माव्याने टाकलेला चिकटा चाटते.

तिसरी पायरी, मिशी बघा. माशीच्या तोंडासमोर दोन आखूड मिश्या असतात आणि प्रत्येक मिशीवर एक बारीक तार असते. हीच तार मोठी खूण आहे. घरमाशीच्या तारेवर दोन्ही बाजूंनी टोकापर्यंत पिसासारखे केस असतात. चावऱ्या माशीच्या तारेवर ते एकाच बाजूला असतात, फणीच्या दातांसारखे. मांसमाशीच्या तारेवर बुडाच्या अर्ध्या भागात केस असतात व टोक उघडे असते. आपल्या खोडकिड्यावरील टॅकिनिड माशीची तार मात्र गुळगुळीत, जणू तासलेली. टॅकिनिड कुळातही काही माश्यांच्या तारेवर केस असतात, विशेषतः भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर म्हणजे हुमणीसारख्या किडींवर जगणाऱ्या माश्यांत. तेव्हा केवळ मिशीवर निकाल देऊ नये.

चौथी पायरी, कुशीतील केसांची ओळ. माशी आडवी धरून पंखाच्या बुडाखाली, मागच्या पायाच्या वरच्या बाजूस बघावे. मांसमाशी व टॅकिनिड माशी यांना तेथे राठ केसांची एक उभी ओळ असते. घरमाशी व चावरी माशी यांना ती नसते. या एका खुणेने चारांच्या दोन जोड्या होतात.

पाचवी पायरी, आणि ही पक्की खूण. माशीच्या पाठीच्या शेवटी, पोट सुरू होण्यापूर्वी एक त्रिकोणी ढालीसारखा भाग असतो. त्या ढालीच्या खाली बाजूने बघावे. टॅकिनिड माशीला तेथे उशीसारखा ठळक फुगवटा असतो, म्हणजे ढालीखाली आणखी एक छोटी गादी ठेवल्यासारखी दिसते. मांसमाशीला व घरमाशीला असा फुगवटा नसतो. कुशीतील केसांची ओळ आणि ढालीखालचा फुगवटा या दोन्ही खुणा एकत्र मिळाल्या म्हणजे ती टॅकिनिड माशी असे खुशाल समजावे.

फसवणाऱ्या खुणा

पाठीवरील पट्ट्यांवर बरेच जण भरवसा ठेवतात. घरमाशीच्या पाठीवर चार काळे पट्टे असतात, मांसमाशीच्या पाठीवर तीन ठळक पट्टे आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकडे असतात. उजेड फिरला की चौकड्यांचा पांढरा-काळा रंग बदलतो. इथवर ठीक. परंतु टॅकिनिड माश्यांच्या पाठीवरही पट्टे असतात आणि जातीप्रमाणे ते कमी-जास्त होतात. पट्टे मोजून मांसमाशी ओळखावी, पण पट्टे आहेत म्हणून टॅकिनिड नव्हे, असे म्हणू नये.

पंखाच्या शिरेचेही तेच. पंखाच्या टोकाजवळ एक शीर कोपर मोडल्यासारखी वर वळते. ती टॅकिनिड माशीत असते आणि घरमाशीतही असते. या खुणेवर दोघींत भेद होत नाही.

पोटावरील राठ, उभे केस ही चांगली खूण आहे. बहुतेक टॅकिनिड माश्या साळिंदरासारख्या काटेरी दिसतात. पण जुन्या, बाटलीत आपटून आपटून मेलेल्या माशीचे केस झडलेले असतात. अशी माशी बघून निकाल देता येत नाही.

आणखी एक फसगत. "जिवंत अळ्या टाकते ती आपली माशी" असे कोणी सांगितले तर ते अर्धेच खरे. मांसमाशीसुद्धा जिवंत अळ्या टाकते. फरक इतकाच की तिच्या अळ्या कुजक्या मालात वाढतात आणि आपल्या माशीच्या अळ्या जिवंत खोडकिड्यात.

पोंगा चिरून बघा

उडती माशी हाती लागणे कठीण. त्यापेक्षा मेलेला पोंगा चिरून आत काय आहे ते बघणे सोपे व जास्त खात्रीचे. प्लॉटाच्या चारी कोपऱ्यांतून व मधून मेलेले फुटवे जमिनीलगत काढावेत आणि धारदार चाकूने उभे चिरावेत. आत पुढीलपैकी काहीतरी सापडेल.

खोडकिड्याची अळी : मळकट पांढरी, अंगावर पाच जांभळट-तपकिरी उभ्या रेषा, डोके गडद, पाय स्पष्ट.

माशीची अळी : पांढरी, पाय नाहीत, डोके दिसत नाही, पुढचे टोक निमुळते व मागचे बोथट.

पतंगाचा कोष : लांबट, तपकिरी. त्यावर पंखांचे, डोळ्यांचे व पायांचे ठसे उमटलेले दिसतात. हातात धरल्यास शेपटीकडचा भाग वळवळतो. हा वैरी, नष्ट करावा.

माशीचा कोष : तांबूस-तपकिरी, पिंपासारखा गोल, दोन्ही टोके बोथट, अंगावर आडवी वळी. पंख-पायांचे ठसे नाहीत आणि वळवळ नाही.

पांढऱ्या, कापसासारख्या बारीक कोषांचा पुंजका : हा कोटेशिया नावाच्या चार पंखी परोपजीवीचा. हाही मित्र, जपावा.

माशीचा कोष सापडला तरी तो कोणत्या माशीचा, हा प्रश्न राहतो, कारण कुजक्या पोंग्यात मांसमाशीही वाढू शकते. कोषाच्या मागच्या टोकाकडे भिंगातून बघावे. मांसमाशीच्या कोषाला तेथे खोल वाटीसारखा खड्डा असतो आणि श्वासाची छिद्रे त्या खड्ड्यात दडलेली असतात. कोषाशेजारी खोडकिड्याचे रिकामे, सुरकुतलेले कातडे मिळाले तर माशी परोपजीवी असल्याचा तो मोठा पुरावा. ते कातडे फेकून देऊ नये.

रिकामा कोषही बोलतो. टोकाची टोपी उडून कोष उघडला असेल तर त्यातून माशी नीट बाहेर पडली. पण कोषाला बाजूस कुरतडलेले बारीक गोल छिद्र असेल तर आतली माशी मेली आणि तिच्यावर जगणारा दुसराच बारीक परोपजीवी बाहेर आला, असे समजावे. चोरावर मोर म्हणतात ते हेच. असे छिद्रवाले कोष जास्त मिळाले तर त्या प्लॉटात माशीची संख्या वाढेल, असा भरवसा धरू नये.

माश्या-माश्यांतला भेद कशाला हवा?

कोणी म्हणेल, टॅकिनिड आहे एवढे कळले, पुढे जात कोणती ते कशाला? तर ते आवश्यक आहे, कारण प्रत्येक जातीचे गिऱ्हाईक वेगळे. आपली स्टर्मिऑप्सिस भोकाच्या तोंडाशी अळ्या टाकते. एक्झोरिस्टा गटातील माश्या उघड्यावर फिरणाऱ्या अळीच्या अंगावरच पांढरी अंडी चिकटवितात. लष्करी अळीच्या पाठीवर, बहुधा डोक्यामागे, तांदळाच्या कणीसारखे पांढरे ठिपके दिसतात ते हेच. अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ साली आली आणि त्याच वर्षी सांगली भागात उसावरही दिसली. अशी ठिपकेवाली अळी दिसली तर चिरडू नये. तिच्या अंगात आपला माणूस वाढतो आहे. मात्र ही माशी पोंग्यातील खोडकिड्याच्या उपयोगाची नाही.

ऊस पिकविणाऱ्या इतर देशांचाही हाच अनुभव आहे. अमेरिका खंडातील ऊस पोखरणाऱ्या किडीवर तीन टॅकिनिड माश्या प्रसिद्ध आहेत : क्यूबन माशी, अमेझॉन माशी आणि पॅराथेरेसिया. डॉ. मायर्स यांनी १९३० नंतरच्या दशकात अमेझॉन नदीच्या खोऱ्यातून एक माशी ब्रिटिश गयानात नेली आणि तेथील ओलसर हवेत तिने चांगला जम बसविला. क्यूबात तेथील स्वतःची माशी प्रयोगशाळांत वाढवून शेतात सोडतात. एकीच्या जागी दुसरी नेली म्हणजे काम होतेच असे नाही. आपल्या स्टर्मिऑप्सिसची सख्खी बहीण आफ्रिकेत आहे, स्टर्मिऑप्सिस पॅरासिटिका. ती तेथील मका-ज्वारीच्या खोडकिड्यांवर जगते. आपल्याकडूनही परदेशी मदत गेलेली आहे. वर सांगितलेला कोटेशिया १९६६ च्या सुमारास भारतातून बार्बाडोस बेटावर नेण्यात आला व तेथे तो उसाच्या किडीवर टिकला.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भिंगाने कूळ ओळखता येते, बहुधा गटही कळतो. पण एकमेकींसारख्या दोन जातींतला शेवटचा फरक राठ केसांची संख्या व मांडणी आणि नराची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच ठरतो. ते काम तज्ज्ञांचे. बहुतेक जातींत नराचे डोळे माथ्यावर जवळजवळ असतात व मादीचे दूर. म्हणून नमुना एकच माशीचा न देता दोन्ही प्रकारच्या चार-पाच माश्या द्याव्यात.

नमुना कसा आणावा?

१. सापडलेले कोष होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या किंवा इंजेक्शनच्या स्वच्छ बाटलीत, थोड्या दमट वाळूवर ठेवावेत. तोंडाला झाकण न लावता पातळ फडके बांधावे. एका बाटलीत एकच कोष.

२. बाटली सावलीत ठेवावी व मुंग्यांपासून जपावी. बशीत पाणी घालून त्यात बाटली उभी करावी.

३. माशी बाहेर आल्यावर लगेच मारू नये. नुकती निघालेली माशी फिकी असते, पंख चुरगळलेले असतात. एक दिवस जाऊ द्यावा, म्हणजे रंग चढतो व केस ताठ होतात. मग बाटली रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावी.

४. माशी कापसात गुंडाळू नये, पाय व केस अडकून तुटतात. पातळ मऊ कागदाच्या घडीत ठेवावी.

५. तिचा रिकामा कोष व खोडकिड्याचे कातडे त्याच पुडीत ठेवावे. कोणती माशी कोणत्या किडीतून निघाली हे कळले नाही तर नमुन्याची निम्मी किंमत गेली.

६. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी : गाव, गट नंबर, उसाची जात, लागणीची तारीख, पोंगा काढल्याची तारीख व माशी निघाल्याची तारीख. शाई ओलीने पसरते.

नमुने गट कार्यालयात द्यावेत. ज्यांचा निकाल आमच्या भिंगाने लागत नाही असे नमुने मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र अथवा बेंगळुरूची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था यांच्याकडे विचारून पाठविता येतात.

मग प्लॉटात करावे काय?

मेलेले पोंगे काढणे थांबवू नये, ते आवश्यकच आहे. पण काढलेल्या पोंग्यांचा ढीग न बघता पेटवून देऊ नये. चिरून बघावेत. खोडकिड्याची अळी व पतंगाचा कोष नष्ट करावा, माशीचे कोष वेगळे काढावेत. ते मुंग्यांपासून सुरक्षित अशा उघड्या डब्यात, वर पावसा-उन्हाचा आडोसा करून, प्लॉटातच ठेवावेत. माश्या निघून आपल्या कामाला लागतील.

चिरलेल्या पोंग्यांत माशीचे कोष किंवा कोटेशियाचे पुंजके दिसू लागले असतील तर उभ्या पिकावर सरसकट फवारणी करण्यापूर्वी गटाच्या शेतकी कर्मचाऱ्यास एकदा प्लॉट दाखवावा. बाळबांधणी वेळेवर करून बुंध्याला माती लावणे, सरीत पाचट पसरणे, उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्या न चुकविणे आणि ट्रायकोकार्ड लावणे या उपायांनी खोडकिडा आटोक्यात येतो आणि माशीलाही धक्का लागत नाही.

माशीला खायलाही लागते. सुरू उसात कोथिंबिरीचे आंतरपीक घेणाऱ्यांनी बांधालगतची एखादी ओळ न काढता फुलू द्यावी. त्या फुलांवर या माश्या मध चाटावयास येतात. सकाळी उन्ह चढण्यापूर्वी अशा फुलांवर घटकाभर उभे राहिल्यास काटेरी अंगाची करडी माशी नजरेस पडेल.

जुन्या सभासदांना आठवत असेल, २००२ साली लोकरी माव्याने सारा उसाचा पट्टा हवालदिल केला होता. त्या वेळी डायफाची अळी व मायक्रोमस ओळखण्यास आपण शिकलो, त्यांची पाने एका गावातून दुसऱ्या गावात नेली आणि फवारणी आवरली. अनोळखी अळी दिसली की चिरडायची, ही सवय तेव्हा सुटली. आता तीच नजर माशीकडेही वळवावयास हवी.

तरी सर्व सभासदांनी आपापल्या सुरू लागणीतील व खोडव्यातील मेलेले पोंगे या महिन्यात चिरून बघावेत व सापडलेले कोष गट कार्यालयात आणून दाखवावेत, ही विनंती. भिंग प्रत्येक गट कार्यालयात ठेवले आहे. ते सभासदांसाठीच आहे, मागून घ्यावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी